कोरड्या लेनचे सर

लेनवर बॉल टाकण्याआधी सर एक गुडघा टेकायचे. उजव्या हाताचं मधलं बोट फाउल लाईनच्या, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेच्या, पुढच्या लाकडावर घासायचे आणि तेच बोट स्वतःच्या गालावरून ओढायचे. गालाला तेल लागलं की नाही, यावर त्यांचा त्या सकाळचा बेत ठरायचा. बोटाला कळत नाही, बोट निबर असतं, गाल खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याकडे शिकत होते तेवढ्या काळात त्यांच्या गालाला तेल लागलेलं मी क्वचितच पाहिलं. “कोरडी,” असं म्हणून ते उठायचे आणि मिशांखाली हसायचे. लेन जितकी कोरडी तितका माणूस खूश. तेव्हा मला वाटायचं, हा विक्षिप्तपणा आहे. आता मला तसं वाटत नाही.

ज्यांनी बोलिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लेन म्हणजे गुळगुळीत लाकडाची लांब पट्टी, टोकाला दहा पिना. लेनच्या पुढच्या मोठ्या भागावर तेलाचा पातळ थर द्यायचा असतो. त्यावरून बॉल घसरत जातो, तेल संपलं की लाकूड पकडतो आणि वळून पिनांमध्ये घुसतो. तेलच नसेल तर बॉल हातातून सुटल्या सुटल्या लाकूड पकडतो, नको तिथे वळतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याच्यात काही उरत नाही. तेल देणं हे मालकाचं काम. इंडस्ट्रियल एरियातल्या मॉलच्या वरच्या मजल्यावर आम्ही खेळायचो, तिथला मालक ते करत नव्हता. वाढदिवसाच्या पार्ट्यांना येणाऱ्यांना तेल कळत नाही. मग खर्च कशाला?

मी मॅनेजरला विचारलं, तर त्याने हात जोडले. “मॅडम जी, चंडीगढ़ दा मौसम ही ड्राय है.”

“मौसम यहाँ लिफ्ट से आता है क्या?” मी म्हटलं.

तो मनापासून हसला आणि माझ्यासाठी कोल्ड ड्रिंक मागवलं. मी ते तसंच काउंटरवर ठेवून आले.

सरांची आणि माझी ओळख शिव्यांमुळे झाली. मी आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. नोकरी नवी होती, कंपनीने सगळ्यांना टीम बिल्डिंग म्हणून बोलिंगला नेलं होतं. माझा बॉल दर वेळी डावीकडे पळत होता आणि मी त्याला इचलकरंजीच्या शिव्या देत होते. चंदीगडमध्ये मराठी माणसाला ही एक चैन असते, वाटेल ते मोठ्याने बोलावं, आजूबाजूचे कौतुकाने बघतात. शेजारच्या लेनवरून आवाज आला.

“पोरी, बॉलला काऊन शिव्या देऊन राहिली? त्यानं तर तू सांगितलं तेच केलं.”

वळून पाहिलं तर पांढऱ्या मिशांचे, काठीसारखे ताठ गृहस्थ. अंगात हवाई दलाचा निळा स्वेटर, खांद्यावरच्या पट्ट्या उसवून काढलेल्या. त्या जागी निळा रंग गडद राहिला होता.

“मी कुठं सांगितलं त्याला डावीकडं जा म्हणून?”

“मनगटानं सांगितलं ना. मनगट चुगलखोर असतं. कुठली तू?”

“इचलकरंजी.”

“म्हणजे मागावरची. मग बाप युनियनमध्ये असंल.”

होता. बाप यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होता आणि आमच्या घरी कोरा कागद विकत आणायची पद्धत नव्हती. पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मी अक्षरं गिरवली. मी हे सांगितल्यावर सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवसापासून माझं नावच घेतलं नाही. मी “युनियन” झाले. “ओ युनियन, पाय बघ कुठे चालले!” अशी हाक सगळ्या हॉलमध्ये जायची आणि पंजाबी पोरांना वाटायचं, माझं आडनाव तसं आहे.

सर मूळ नागपूरचे, हवाई दलात इंजिनिअर ऑफिसर. रँक कधी सांगितली नाही. रिटायर झालेले ऑफिसर पंचकुल्याला बंगला बांधतात नाहीतर पुण्याला परत जातात. सरांनी मनीमाजऱ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरचा मजला घेतला होता, कारण मागच्या खोलीत लेथ मशीन बसत होतं. बायको नागपुरात मुलाकडे राहायची. भांडण वगैरे नव्हतं. तिला चंदीगडची थंडी सोसत नव्हती आणि यांना बोलिंग सोडून कुठे जाणं सोसत नव्हतं. थंडीत बॉल गार पडला की लेनवर वेगळा वागतो, म्हणून सर हिवाळ्यात बॉल रजईत घेऊन झोपायचे. सकाळी तिचा फोन आला की पहिला प्रश्न, “झोपली का नीट तुमची बाळं?” आणि सर गंभीरपणे एकेकाची खबर द्यायचे.

कोरड्या लेनवर कसं खेळायचं हे चंदीगडात त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. हे मी रागातही नाकारणार नाही.

“बॉल हनुवटीशी धर. छातीशी नको. उंचावरून आला की जोरात जाईल, अन् जोरात गेला की लाकडाला पकडायला वेळच मिळणार नाही. मनगट सोड. सोड म्हणतो ना! बोटांनी वळवू नको, मागून नुसतं ढकल. पाय डावीकडे. अजून. अजून सरक ना बापा, त्या बाजूच्या सरदारजीला सत श्री अकाल करून ये!”

मग हवेतून टाकायला शिकवलं. बॉल लाईनीजवळ न ठेवता चांगला पुढे, हवेतून सोडायचा. जेवढी लेन हवेत पार झाली, तेवढी कोरड्या लाकडाची कटकट कमी. बॉल धाडकन आपटायचा आणि मॅनेजर पळत यायचा. “सर जी, लेन टुट जाएगी!”

“बॉल गिरा है बेटा, जहाज नहीं.”

आणि शेवटी बॉलच बदलला. खरखरीत अंगाचे बॉल लाकूड लवकर पकडतात, ते कोरड्या लेनवर घातक. तिथे लागतो साधा, टणक, चकचकीत प्लास्टिकचा. सरांकडे असा एक पिवळा बॉल होता, त्याचं नाव मावशी. “मावशी कुणाच्या भानगडीत पडत नाही. सरळ जाते, काम करते, सरळ घरी येते.” सरांनी मावशीची जुनी भोकं बुजवली, माझ्या बोटांची मापं घेतली आणि मागच्या खोलीत नवी भोकं पाडली. बॉलची भोकं चपलेपेक्षाही खासगी असतात. एकाचा बॉल दुसऱ्याच्या हातात बसत नाही. मावशी आता सरांच्याही हातात बसत नव्हती. एवढं माझ्यासाठी घरच्यांशिवाय कुणी केलं नव्हतं, आणि ते करताना सर एकदाही गोड बोलले नाहीत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या हाताखालचं कुणीतरी चंदीगडच्या टीममध्ये जावं. इतकी वर्षं शिकवत होते, कुणी गेलं नव्हतं. मलाही तेच हवं होतं. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका शोधत बसते; एखादी गोष्ट मला स्वतःला बरोबर करता येते, हे चार लोकांसमोर मला दाखवायचं होतं.

आमचं भांडण मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतं.

रविवारी सकाळी आमच्यासोबत सिमरन खेळायची. मनीमाजऱ्यातच मोबाईलच्या दुकानात काउंटरवर असायची, दुकान उघडायच्या आत धावत परत जायची. तिच्याकडे एकच बॉल, निळा, खरखरीत, शहर सोडून जाणाऱ्या कुणाकडून तरी घेतलेला. तेल असेल तर तो बॉल असा काही वळायचा की बघत राहावं. पण तेल नसायचं. तिचा बॉल मध्येच डावीकडे वळून लेनच्या कडेच्या गटारात जायचा आणि ती कान धरून आम्हाला सॉरी म्हणायची. आम्हाला का सॉरी?

“सर, तिचं काय?” मी विचारलं.

“तिनं दुसरा बॉल घ्यावा.”

“कुठनं आणायचा तिनं?”

“ते मला काऊन विचारून राहिली?”

“मग मालकाला विचारूया की. सगळे मिळून जाऊ, म्हणू, तेल घाला. खेळायचे पैसे घेतोय की तो.”

सर मोजे चढवत होते. वर न बघता म्हणाले, “हे बघ, युनियन. लेन म्हणजे लेन. ती जशी आहे तशी आहे. तिला बोल लावायचा नाही. आपण ॲडजस्ट व्हायचं.”

हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे. मागाच्या शेडमध्ये कापसाची धूळ उडते, ॲडजस्ट करा. पाळी बारा तासांची झाली, ॲडजस्ट करा. बाबा खोकायला लागले तेव्हा मालकाने निरोप धाडला होता, जरा ॲडजस्ट करा, दिवाळीनंतर बघू. ज्याला बदलायचं नसतं तो हा शब्द उच्चारतो आणि ज्याला बदलावं लागतं तो खोकतो. सर तर मालक नव्हते, नोकर नव्हते, पेन्शन खाणारा मोकळा माणूस. त्यांच्या तोंडून तो शब्द आला की माझं डोकं फिरायचं. वर ते त्याचं तत्त्वज्ञान करायचे. कोरडी लेन खेळाडू घडवते म्हणे. एकदा मी म्हटलं, “मग पिना पण उचलून न्या, अजून चांगला घडेल.” त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग म्हणाले, पाय डावीकडे.

एकदाच त्यांनी स्वतःचं काही सांगितलं. हॉलबाहेरच्या जिन्यात बसून आम्ही त्यांच्या डब्यातले पोहे खात होतो. मॉलमधलं ते काही खायचे नाहीत. मी परत तेलावरून बोलत होते.

“एकदा बोललो होतो मी,” ते म्हणाले. “विमानाजवळ न्यायची एक ट्रॉली होती. मी म्हटलं, ही वापरायची नाही, हिची जोडणी कच्ची आहे. वरचे म्हणाले, चालते. मी म्हटलं, मी असेपर्यंत नाही चालणार. मग त्यांनी मला हलवलं. स्टोअर्समध्ये. प्रमोशन गेलं.”

“आणि ट्रॉली?”

“चालली ना. काही झालं नाही तिला. आजही चालत असंल.”

“पण तुमचं बरोबर होतं?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “जोडणी कच्ची होती,” म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून परत कधी ऐकला नाही.

मला वाटलं, आता हा माणूस मला कळला. एकदा उभा राहिला, आपटला, आणि आपटण्याचं शास्त्र करून बसला. मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं. विशीत माणूस फार लवकर माफ करतो, त्यात मोठेपणा वाटतो.

त्यात आणखी एक गोष्ट होती. लेनवर तेल देणारं मशीन असतं, ठेवलं की स्वतःच लेनभर फिरून येतं. तिथलं मशीन जुनं होतं आणि त्याच्या पोटातलं सरांशिवाय कुणाला कळत नव्हतं. तेल ओढणाऱ्या पंपातलं एक दातेरी चाक झिजलं, तेव्हा नवं मिळेना. सरांनी ते स्वतःच्या लेथवर केलं. त्या बदल्यात मॅनेजर त्यांना रविवारी सकाळी मोकळ्या लेन द्यायचा. म्हणजे मशीन चालू ठेवणारे सर, आणि ते वापरायचं नाही हे मुकाट्याने मान्य करणारेही सरच. “मशीन तुमच्या हातात आहे, तुम्हीच घाला की तेल,” मी म्हणायचे. “माझ्या बापाचं मशीन आहे का?” ते म्हणायचे.

मग कळलं की चंदीगडच्या टीमची निवड आमच्याच हॉलमध्ये होणार. बायकांच्या टीममध्ये चार जागा. मी सरांना न सांगता निवड करणाऱ्यांकडे गेले. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई निवड समितीच्या प्रमुख होत्या. मी सरळ सांगितलं, तिथे तेल देत नाहीत, कोरड्या लेनवर निवड झाली तर ज्यांच्याकडे दोन-तीन बॉल आहेत त्यांचीच होईल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “बिलकुल सही बात है,” त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोरच मॅनेजरला फोन लावला. तो लगेच हो म्हणाला. इतकं सोपं होतं. इतके दिवस जे ॲडजस्ट करत होतो ते एका फोनचं काम होतं! मी रिक्षात बसून एकटीच हसत होते.

सरांना सांगितलं तर ते बराच वेळ मावशी फडक्याने पुसत राहिले.

“तेल पडलं तर मावशी नुसती घसरंल. वळायची नाही.”

“मग दुसरा बॉल घेऊन खेळीन की.”

“हात तसा राहिला नाही तुझा. मी मोडला तो. कोरड्यासाठी बांधला.” मग म्हणाले, “काऊन गेली ग तू तिथे?”

मी म्हटलं, “जोडणी कच्ची होती म्हणून.”

त्यांनी मावशी बॅगेत ठेवली. निवडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मशीनमध्ये तेल भरायला त्यांनी मलाच बोलावलं. मी नरसाळं धरलं, त्यांनी कॅन ओतला, मशीन एकदा फिरवून पाहिलं. व्यवस्थित चाललं. मला वाटलं, म्हातारा वळला. मी त्यांना वाकून नमस्कार केला. आता आठवलं की अंगावर काटा येतो, आणि तो भक्तीचा नाही.

निवडीच्या सकाळी आम्ही बारा जणी बूट बांधून बसलो होतो. मॅनेजर नवा शर्ट घालून आला होता. “आज तो फुल तेल लगेगा जी, आज इज्जत का सवाल है,” असं सगळ्यांना सांगत होता. मशीन पहिल्या लेनवर ठेवलं, बटण दाबलं. मशीन लेनभर गेलं आणि परत आलं. लेन होती तशी.

सरांनी गुडघा टेकला, बोट घासलं, गालावर ओढलं. “पंप बैठ गया,” म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, “ठीक हो सकता है?”

“आज नहीं. पार्ट बनाना पड़ेगा.”

“तो सर, लेन खेलने लायक है? आप बताइए. आप कहेंगे तो शुरू करेंगे, नहीं तो आगे देखेंगे.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. हॉलमध्ये तेवढ्या विश्वासाचा दुसरा माणूस नव्हता. सर ताठ उभे राहिले. “खेलने लायक है,” म्हणाले. “खिलाड़ी को ॲडजस्ट करना चाहिए.”

माझ्या शेजारी सिमरनने आपल्या निळ्या बॉलकडे पाहिलं आणि बॅगेची चेन अर्धी लावली. मी उठले. माझा सगळा राग मॅनेजरवर होता. याने रात्रीतून काहीतरी केलं असणार, संध्याकाळी पार्टी असेल, तेल वाचवलं असेल. मी त्याच्या अंगावर गेले. “कल चल रहा था मशीन! मेरे सामने! आपने क्या किया?”

“मॅडम जी, माँ कसम, मैंने छुआ भी नहीं!” तो खरंच घाबरला होता. इतके महिने ज्या माणसाशी मी भांडत होते, तो त्या दिवशी पहिल्यांदा निर्दोष होता.

तेव्हा मागून सर बोलले. मोठ्याने, नेहमीच्या खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर, मराठीत.

“त्याला काऊन बोलून राहिली? चाक माझ्या खिशात आहे. या लेनवर तुझ्यासमोर एकही टिकत नाही. जा, खेळ.”

बाकीच्या अकराजणी, मॅनेजर, समिती, कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. कुणाला कळलंच नव्हतं. सिमरनला वाटलं असेल, सर मला समजावतायत. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत लाज नव्हती. अभिमान होता. इतक्या लोकांमध्ये आम्हा दोघांचीच एक भाषा, आणि तिच्यात त्यांनी मला हे दिलं होतं, जसं घरून निघताना आई हातात डबा देते. त्यांना एका क्षणासाठीही वाटलं नव्हतं की मी तो घेणार नाही.

आणि मी खरं सांगते, मला जिंकायचं होतं. कोरड्या लेनवर मी जिंकलेच असते. त्या हॉलमध्ये ते फक्त दोघांना माहीत होतं. पण माझ्या जिंकण्याला ज्या गोष्टीची गरज होती, ती त्या म्हाताऱ्याच्या खिशात होती. बाकी अकराजणींपैकी बहुतेकींनी हरायचं होतं, मान खाली घालून, स्वतःच्या मनगटाला दोष देत, कान धरून सॉरी म्हणत.

मी त्यांचं वाक्य हिंदीत केलं. एकही शब्द वाढवला नाही. “सर कह रहे हैं, पंप का पार्ट उनकी जेब में है.”

बाई म्हणाल्या, “सर?”

सर सरळ नाही म्हणू शकले असते. त्यांच्याविरुद्ध माझा एकटीचा शब्द होता, सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. पण त्यांनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि ते चाक काढून काउंटरवर ठेवलं. मग कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच पुन्हा उचललं, मशीन उघडलं, चाक बसवलं आणि आठही लेनवर तेल दिलं. एका लेनवर मशीन जरा अडखळलं तर ती पुसून परत दिलं. तसं तेल त्या हॉलने कधी पाहिलं नव्हतं; लेन पाण्यासारख्या दिसत होत्या. काम संपवून त्यांनी हात पुसले, बूट बदलले आणि माझ्याकडे न बघता जिन्याने उतरून गेले. लिफ्ट ते कधी वापरत नसत.

मावशी नुसती घसरली, त्यांनी सांगितलं होतं तशीच. दुसऱ्या बॉलने मला हात सापडला तोवर उशीर झाला होता. सिमरनचा निळा बॉल त्या तेलावर लांब जाऊन असा वळत होता की मॅनेजरसुद्धा काउंटर सोडून बघायला आला. ती टीममध्ये गेली. मी गेले नाही.

मॅनेजरने सरांना हॉल बंद केला. त्याला आता नैतिकता सुचली होती! ज्याने स्वतः कधी तेल घातलं नाही, तो आल्यागेल्याला सांगत होता, “सर ने बड़ा गलत किया जी, खेल में ईमानदारी चाहिए.” त्यानंतर लेन पहिल्यासारख्याच कोरड्या झाल्या. मशीन चालवायलाही कुणी उरलं नाही. मी आणि सिमरन समितीच्या बाईंना घेऊन मालकाला भेटलो, पुन्हा भेटलो, अजून भेटतोय.

पण सगळ्यात जास्त मला पेटवलं ते आमच्याच लोकांनी. ट्रायसिटीतल्या, म्हणजे चंदीगड-पंचकुला भागातल्या, मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे, फौजेतली कुटुंबं, आयटीतली पोरं. बातमी तिथे पोचली. एका कर्नलसाहेबांच्या बायकोने मला पुरणपोळीला घरी बोलावलं आणि वाढता वाढता म्हणाल्या, “अगं, चुकलं त्यांचं. पण ते मराठीत बोलले होते गं. विश्वासाने बोलले होते. परक्या मुलखात आपल्या माणसाचं असं चव्हाट्यावर आणतात का?”

“काकू, बाकीच्या अकराजणी कुणाची माणसं होती?”

“तू तुपाला नको म्हणू नकोस,” काकू म्हणाल्या आणि वर तूप घातलं.

मराठीत बोललं की लबाडी घरगुती होते, असं त्या सगळ्यांना वाटतं. भाषा म्हणजे जणू त्यांच्या घराच्या मागचं दार. मी त्या भाषेत अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठीवर. आमच्या घरी मराठी मोठ्याने वाचायची असते, चौकात उभं राहून, समोरच्याला कळावी म्हणून.

होळीनंतर मी मनीमाजऱ्याला गेले. भांड्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढले. माफी मागायला गेले नव्हते आणि त्यांना मागायला लावायलाही नाही. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. रविवार होता, त्या वेळी मी नेहमी त्यांच्यासमोर असायचे, पाय आपोआप गेले असतील.

सरांनी दार उघडलं. मिशा वाढल्या होत्या. मागच्या खोलीत लेथ चालू होता, तो बंद करायला ते आत गेले नाहीत, त्यामुळे आम्हाला ओरडूनच बोलावं लागलं.

“काय म्हणते युनियन?”

“बरी आहे.”

“ती पोरगी कशी खेळून राहिली?”

“चांगली. पण लेन कोरड्याच आहेत. शिकवायला कुणी नाही तिला.”

“पाय डावीकडे घ्यायला सांग तिला.”

“मी सांगणार नाही. मी तेल मागतेय.”

त्यांनी मान हलवली, हट्टी पोराकडे बघून हलवतात तशी. जिन्याखाली भांडी घासून रचल्याचा आवाज येत होता. मला त्यांना विचारायचं होतं, ट्रॉलीच्या वेळी उभा राहिलेला माणूस कुठे गेला. मला ओरडायचं होतं की तुम्ही मला दिलेली एकूण एक गोष्ट खरी होती आणि शेवटची तेवढी तुम्ही चोरून आणलीत. यातलं मी काही बोलले नाही, कारण तेवढ्यात तेच बोलले, अगदी शांतपणे, एखादा हिशोब पुन्हा पुन्हा मांडून तेच उत्तर आलेल्या माणसासारखं.

“तू गेली असती टीममध्ये.”

“हो,” मी म्हटलं.

या एका गोष्टीवर आमचं अजून एकमत आहे. तेवढ्यावर ते समाधानाने दार लावून घेऊ शकले, आणि मी जिना उतरेपर्यंत माझे कान तापलेले होते.